सुखदेवभाऊंची बोलकी गिटार

रविवारची वंदना संपली की आमच्या शहापूरच्या विहारात सगळे चपला शोधायला लागतात आणि सुखदेवभाऊ मेणबत्त्या. म्हणजे जळून उरलेले तुकडे. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढायची, एकेक तुकडा नखाने खरवडून आत टाकायचा आणि कोणी बघत उभा असेल तर त्यालाही कामाला लावायचं. नव्या माणसाला वाटतं, काय चिकट गृहस्थ आहे. कोणी विचारलंच तर भाऊ गंभीरपणे सांगतात, "पिकअपले पाजाले नेऊन राहिलो."

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेली बोटभर पट्टी. आत लोहचुंबक, त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. ही तार आत कुठे तुटली की गिटार मुकी. आमच्याकडे भीमगीतांच्या पार्ट्या गावोगाव, आणि गिटारवाले वाजवतात ते धान झोडपल्यासारखं. त्यामुळे मुक्या गिटारांना तोटा नाही. जिल्ह्याच्या एका टोकाच्या पवनीपासून दुसऱ्या टोकाच्या बपेऱ्यापर्यंतचे लोक आपापले पिकअप रुमालात बांधून भाऊंकडे आणतात. भाऊंची उभी हयात धानाच्या शेतांतल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात गेली. "मोटर काय अन् गिटार काय, दोघाईच्या पोटात तांबंच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तार गुंडाळायला त्यांनी बायकोचं, म्हणजे कमलवहिनींचं, हाताने फिरवायचं शिलाई मशीन जुंपलंय. तार श्वासानेही तुटते असं त्यांचं म्हणणं. म्हणून एप्रिलच्या भट्टीतही पंखा बंद. बोलायचं नाही. शिंक आली तर अंगणात जाऊन शिंकायची. एकदा मी नुसता खाकरलो आणि नेमकी तार तुटली, तर पुढचे कितीतरी दिवस भाऊ मला दारातच उभं करून बोलत. तार खरं तर त्यांच्याच बाहीच्या बटणात अडकली होती.

गुंडाळून झालं की पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायचा. मेण वेढ्यांमध्ये शिरतं, थिजतं आणि तार जागची हलत नाही. न बुडवलेल्या पिकअपला भाऊ 'कच्चा' म्हणतात. कच्चा पिकअप मोठ्या स्पीकरजवळ नेला की किंचाळतो. शिवाय त्याच्यावर वाकून कोणी मोठ्याने बोललं तर तेही उचलतो आणि स्पीकरमधून ऐकवतो.

आता गंमत अशी की जिल्ह्याच्या गिटारांना मेण पाजणाऱ्या भाऊंच्या स्वतःच्या लाल गिटारचा पिकअप कच्चा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सुरुवातीला निव्वळ आळस होता. पण त्या आळसाचा उपयोग कमलवहिनींनी शोधून काढला. भाऊ वाजवायला बसले की त्यांना जगाचं भान नसायचं. हाका मारून वहिनींचा घसा बसायचा. एके दिवशी त्या सरळ गिटारवर वाकल्या आणि तारांमध्येच बोलल्या, "जेवाले येता का नाही? वांग्याची भाजी निवून राहिली."

स्पीकर खिडकीत होता. अख्ख्या गल्लीला भाजी कळली. तेव्हापासून तीच रीत पडली. भाऊंचं उत्तरही ठरलेलं, "हे एवढं झालं का येतो." येत कधीच नसत. गल्लीतल्या बायका मात्र गिटार बोलली की आपापल्या घरी ताटं वाढायला घेत.

वहिनी गेल्या त्याला वर्ष होऊन गेलं. आम्ही चिडवायचो, भाऊ, आता तरी पाजा तुमच्या गिटारला मेण. "राहू दे कच्ची," एवढंच म्हणायचे. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आम्हीही जास्त ताणत नसू.

यंदा जयंतीच्या तोंडावर आमच्या पार्टीची गिटार ट्रकवरून पडली आणि तिची मानच मोडली. दुसरी गिटार गावात एकच, भाऊंची. कमिटीने मला पाठवलं, कारण माझं घर भाऊंच्या समोर. मिरवणुकीच्या ट्रकवर माणसाएवढे स्पीकर असतात. तिथे कच्ची गिटार गाणंच होऊ देणार नाही. म्हणजे मेण पाजणं आलं. मी हे अडखळत सांगितलं. भाऊ बराच वेळ स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिले.

"जयंतीले गिटार नाही वाजली तं कमल मलेच बोलन," शेवटी म्हणाले. "उद्या दुपारी ये."

दुसऱ्या दिवशी गेलो तर शेगडीवर पाण्याचं पातेलं, त्यात मेणाचा डबा. पंखा बंद. गिटार मात्र अजून स्पीकरला जोडलेली. भाऊंनी आवाज वाढवला आणि तारांवर वाकले, वहिनी वाकायच्या तसे. मला वाटलं, तपासून बघताहेत.

"कमल, जेवलो वं मी," ते म्हणाले. "फिकर नको करू."

खिडकीतून ते गल्लीत गेलं. बाहेर कोणीतरी नळावर भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. मी उगाच पातेल्याकडे बघत राहिलो.

भाऊंनी बटण बंद केलं, पिकअप सोडवला आणि चिमट्यात धरून मेणावर नेला. हात मात्र खाली जाईना. तेवढ्यात दारात माझी बायको येऊन उभी राहिली. समोर घरात तिने सगळं ऐकलं होतं. हाताला कणीक तशीच होती.

"काहून खोटं बोलता, भाऊजी?" ती म्हणाली. "सकाळपासून तुमचा कुकर नाही वाजला. चला, ताट वाढलं. भाजी निवून राहिली."

भाऊंनी पिकअप अलगद मेणात सोडला. आतली हवा बारीक बुडबुड्यांनी वर यायला लागली.

"हे एवढं झालं का येतो," ते म्हणाले.

बुडबुडे थांबेपर्यंत माझी बायको दारातच उभी राहिली.