अकरावं भांडं

"लोर्ना, तुझ्या हॉटडिशची किंमत काय धरायची?"

सिनेटर ऑर्विल हॉगलंड यांनी चष्म्यावरून हे विचारलं आणि लोर्ना स्टुबेचा कॉफीचा कप तोंडाशीच थांबला. हॉटडिश म्हणजे खिमा, फरसबी, मशरूमचं सूप आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. सिनेटरांच्या पत्नी सिग्ने यांच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात अशा अकरा हॉटडिश आल्या होत्या. उरलेलं सगळं भांड्यांसकट सिनेटरांच्या घरी आलं. त्यांतलं एक भांडं लोर्नाचं.

बाकीच्या दहांचा प्रश्न नव्हता. लोर्ना मात्र दूध उत्पादक संघाची लॉबिस्ट. विधिमंडळाच्या व्हरांड्यात आमदारांना गाठून संघाची बाजू गळी उतरवणं हे तिचं पोटापाण्याचं काम. आणि लॉबिस्टने लोकप्रतिनिधीवर केलेला खर्च, कपभर कॉफीचा का असेना, महिनाअखेरीला जाहीर केलाच पाहिजे, हा कायदा आणला होता खुद्द हॉगलंड यांनी. बावीस वर्षांत त्या नोंदवहीत त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. आज महिन्याचा शेवटचा दिवस होता. मुदत पाच वाजता संपत होती आणि तीन वाजून गेले होते.

"बाबा, ती सांत्वनाला आली होती," मुलगी मारिट म्हणाली.

"फॉर्ममध्ये सांत्वनाचा रकाना नाही. मी पाहिलं."

"तूच ठेवला नाहीस," लोर्ना म्हणाली. "सिग्ने तेव्हाच म्हणाली होती, ऑर्विल, माणसं मरतात रे."

शेवटी मारिटने नोंदणी कार्यालयात फोन लावला आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. पलीकडे प्रिबिल नावाचे गृहस्थ होते, अत्यंत सभ्य आणि अत्यंत सावकाश.

"सिनेटरसाहेबांनी स्वतः किती खाल्लं? तेवढाच भाग लागतो."

"दोन चमचे," सिनेटर म्हणाले.

"बाबा, आणि मंगळवारी? बुधवारी? फ्रीज उघडा ठेवून उभ्याउभ्या कोण खात होतं?"

सिनेटर चष्मा पुसू लागले. "ते लोर्नाचं होतं की पीटरसनबाईंचं, मला काय ठाऊक? सगळ्यांतच फरसबी होती."

"मग अंदाजे अकरावा हिस्सा लिहू या का?" प्रिबिल म्हणाले.

"माझा हिस्सा पीटरसनबाईंच्या खिम्यात मिसळणार असाल, तर मी सही करणार नाही," लोर्ना कडाडली. "ती मीठ घालत नाही!"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "भांडं परत गेलंय ना? महिनाअखेरपर्यंत राहिलं, तर भांडंही भेटीत धरतात."

सिनेटर ताडकन उठले. "मारिट, भांडं! आत्ताच्या आत्ता देऊन टाक."

"रिकामं?"

तिघेही थबकले. त्या गावात रिकामं भांडं कुणी परत करत नाही. मारिटने सकाळीच लिंबाच्या वड्या भाजल्या होत्या, नेमक्या याच कामासाठी.

"पण वड्या घालून दिलं, तर ती देवाणघेवाण होईल का हो?" सिनेटरांनी फोनला विचारलं.

"देवाणघेवाणीला पुरवणी फॉर्म आहे, सर. पण वड्यांची किंमत हॉटडिशमधून वजा करायची की तिच्यात मिळवायची, हे... मला विचारावं लागेल."

"कुणाला?"

"हा कायदा ज्यांनी लिहिला, त्यांना. म्हणजे तुम्हालाच, सर."

सिनेटर खाली बसले. मारिट ओट्याकडे वळली. धुतलेली अकरा काचेची भांडी ओळीने पालथी घातली होती, सगळी सारखीच. ती एकेका भांड्याच्या बुडावरची चिकटपट्टी वाचू लागली. गावात प्रत्येक बाईचं नाव तिच्या भांड्याच्या बुडाला असतं. पीटरसन, ऊडेगार्ड, परत पीटरसन. शेवटच्या भांड्यावर 'एल. स्टुबे' होतं, पण तीनदा धुऊन पट्टीचा कोपरा सुटला होता. तिने तो दाबायला बोट लावलं, तर पट्टीच हातात आली.

खाली आणखी एक पट्टी होती, पिवळी पडलेली. तिच्यावर तिरप्या अक्षरात 'सिग्ने हॉगलंड' लिहिलेलं होतं.

मारिटने भांडं तसंच पालथं टेबलावर ठेवलं.

लोर्नाचा चेहरा लाल झाला. "माझा नवरा हार्लन गेला तेव्हा सिग्ने यातूनच हॉटडिश घेऊन आली होती. एकोणीस वर्षं झाली. आज देऊ, उद्या देऊ... मग इतका उशीर झाला, की मी वरून माझंच नाव चिकटवलं."

"हॅलो?" फोन म्हणाला. "भांडं सापडलं का?"

"भांडं आमचंच आहे," सिनेटर म्हणाले. "ती परत करायला आली होती."

"आणि आतलं?"

"रिकामं परत करत नाहीत, प्रिबिल."

"हां," प्रिबिल म्हणाले. तेही त्याच गावचे होते. "मग हा खर्च नव्हे सर, ही परतफेड. नोंद लागत नाही."

सिनेटरांच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही. "थांबा. म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या घरातून एका लॉबिस्टवर खर्च झाला. तो कुठे लिहायचा?"

"त्याचा फॉर्मच नाही, सर."

"का नाही?"

"असं कुणी करेल, हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं."

मारिटने भांडं सुलटं केलं, त्यात वड्या रचल्या, वर फडकं बांधलं आणि ते लोर्नाच्या मांडीवर ठेवलं. आईच्या नावाची पट्टी तिने तशीच राहू दिली.

"अगं, आता तर हे तुमचं ठरलं ना?" लोर्ना गोंधळून म्हणाली.

"हो. परत आणून दे."

"कधी?"

मारिटने वडलांकडे पाहिलं. सिनेटरांनी कोरा फॉर्म घडी करून खिशात घातला.

"घाई नाही," ते म्हणाले. "फक्त रिकामं आणू नकोस."