कंट्रोल स्लाइड आणि कानपिळी

मुलुंडच्या आमच्या लॅबमध्ये माझ्याइतके स्वच्छ हात दुसऱ्या कुणाचे नाहीत, असं मी गेली तीन वर्षं सांगत आलोय. आईला सांगितलंय, सोसायटीच्या वॉचमनला सांगितलंय, एकदा तर डेंटिस्टलाही सांगितलंय, तेही त्याने तोंड उघडायला लावलेलं असताना. तेव्हा पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, की हात स्वच्छ होते. निदान सुरुवातीला तरी!

आमचं काम तसं सोपं आहे. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा टिश्यूचा काप काचेच्या स्लाइडवर घ्यायचा आणि त्यात एकाच वेळी चार गोष्टी शोधायच्या. त्यासाठी चार चमकणारे रंग. लग्नात प्रत्येक पाहुणा आपल्याच बाजूच्या माणसांना ओळखतो, तसा प्रत्येक रंग फक्त आपल्याच गोष्टीला जाऊन चिकटतो. निळा पेशींच्या केंद्रकांना धरतो, हिरवा एका प्रथिनाला, लाल दुसऱ्याला, आणि चौथा इतका भाव खातो की डोळ्यांना दिसतच नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसतो.

शिवाय आणखी एक स्लाइड करायची, तिचं नाव कंट्रोल. तिच्यावर सगळं तेच, फक्त हिरवा रंग घालायचा नाही. ती काळीठिक्कर दिसली, तर पहिलीवरचा हिरवा खरा. तीही हिरवी चमकली, तर आपण कुठेतरी माती खाल्ली असं समजायचं.

त्या शुक्रवारी माती खाऊन चालणार नव्हतं. शनिवारी माझ्या धाकट्या बहिणीचं, रुचिकाचं लग्न होतं. मी तिचा एकुलता एक भाऊ, म्हणजे कानपिळीचा मान माझा. भर मांडवात नवऱ्याचा कान पिळायचा आणि माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून दम द्यायचा. हा कान मी मनातल्या मनात साखरपुड्यापासून पिळत होतो. पण आमच्या श्वेता मॅडमनी सुट्टी देताना अट घातली होती.

"नेत्राताई शुक्रवारी दुपारी स्लाइड बघायला येतायत. स्लाइड बरोबर आली तर शनिवारी लग्नाला जा. नाही आली तर शनिवारी सकाळी आठला इथे, परत पहिल्यापासून."

नेत्राताई म्हणजे वांद्र्याच्या औषध कंपनीच्या बाई. त्यांना स्लाइड आवडली की वर्षभराचं काम आम्हाला. मॅडमचं चुकत होतं असंही नाही.

त्यात सकाळी निघताना आईने दारातच धरलं. "उद्या लगीन आसा आणि हापिसातल्यो पत्रिका अजून कपाटात? लाज वाटता काय तुका?"

मी विसरलो होतो. आईने तिथल्या तिथे वाटीत हळद कालवली आणि पत्रिकांच्या चारी कोपऱ्यांना लावली. आमच्या आईचा हात सढळ. कोपऱ्यांना बोट टेकवायची रीत आहे, तिने पत्रिका जवळजवळ माखूनच दिल्या. त्या ओल्याच पिशवीत घालून मी लॅबमध्ये नेल्या, सगळ्यांना वाटल्या, कोपरापर्यंत तीनदा हात धुतले आणि ग्लोव्ह्ज चढवले. मॅडमनी पत्रिका उलटसुलट करून वाचली, छान आहे म्हणाल्या आणि बफर बनवायला बसल्या.

बफर म्हणजे स्लाइड धुवायचं मीठ-साबणाचं पाणी. ते मॅडम कुणालाही बनवू देत नाहीत. त्यांचा कुणावर विश्वास नाही, आणि ग्लोव्ह्जवर तर मुळीच नाही. रंग मी आदल्या दिवशीच चढवून ठेवले होते. त्या ताज्या बफरने दोन्ही स्लाइड तीन-तीनदा धुतल्या आणि दुपारी अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली ठेवल्या.

निळा आला, झकास. लाल आला, सुरेख. हिरवा बघितला आणि मी खुर्चीतून उठलोच. सगळं हिरवं! पेशी हिरव्या, पेशींच्या मधली जागा हिरवी, आणि जिथे टिश्यूच नव्हता तिथली नुसती काचसुद्धा हिरवी.

"वाट लागली यार," शेजारी बसलेला दिपेश म्हणाला. "कंट्रोल बघ ना."

कंट्रोलही हिरवी. उलट जास्तच.

"रंग जास्त टाकलास?"

"कंट्रोलमध्ये रंग घातलाच नाहीये रे."

"मग थोडा कमी टाकायला हवा होतास," दिपेश म्हणाला. संकटात त्याचं डोकं असंच चालतं.

एवढ्यात दार उघडलं आणि मॅडमच्या मागून नेत्राताई आत आल्या, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. मी काही विचार केला नाही. कंट्रोल स्लाइड उचलली, भिंतीजवळचा ड्रॉवर उघडला आणि उरलेल्या पत्रिकांच्या खाली सरकवली. तीन वर्षांत एवढी चपळाई मी कामात कधी दाखवली नव्हती.

नेत्राताईंनी स्क्रीनवरचा पहिल्या स्लाइडचा फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं श्वेता, हे प्रथिन निदान दहा टक्के पेशींत सापडावं एवढीच आमची अपेक्षा होती. हे तर सगळीकडे आहे!"

"आमचा कृणाल फार स्वच्छ काम करतो," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "जा तू उद्या. सोमवारीही नाही आलास तरी चालेल."

मला लाज वाटली, खरंच वाटली. पण सर्वेशचा, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाचा कान डोळ्यांसमोरून हलेना. बोलावं की नको या विचारात मी उभा राहिलो.

"आणि कंट्रोल?" नेत्राताईंनी विचारलं.

"ती... वाळतेय," मी म्हणालो.

"मग थांबते मी. खुर्ची आहे का इथे?"

अंधारात त्यांना खुर्ची दिसावी म्हणून दिपेशने टॉर्च लावला. तो साधा टॉर्च नव्हता. टेबलावर रंग सांडला की शोधायला आम्ही ठेवतो तो, जांभळ्या उजेडाचा. आमचे पांढरे कोट साबणाच्या पावडरीने निळे चमकतात हे मला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं.

मायक्रोस्कोपच्या बटणावर पिवळट हिरवी बोटं उमटलेली होती. टेबलाच्या कडेला बोटं होती, भिंतीवर बोटं होती. लक्ष्मीची पावलं देवघरापर्यंत यावीत तशी ती ड्रॉवरच्या मुठीपर्यंत गेली होती.

मॅडमनी ड्रॉवर उघडला. वर पत्रिका, त्यांचे चारी कोपरे दिव्यासारखे लखलखत होते. खाली कंट्रोल.

"ही वाळतेय?" मॅडमनी विचारलं.

"चुकलं मॅडम. कंट्रोलही हिरवी आलीय. ती हळद आहे, पत्रिकेची, ती या उजेडात अशी चमकते." मी स्लाइड काढून टेबलावर ठेवली. "उद्या आठला येतो. रुचिकाला कळवतो."

"हो, कळव," मॅडम कडाडल्या. "हळदीच्या हाताने स्लाइडला हात लावतोस? आणि वर लपवतोस?"

"पण याच्या हातात ग्लोव्ह्ज आहेत, आणि ते ओले आहेत," नेत्राताई शांतपणे म्हणाल्या आणि दिपेशच्या हातून टॉर्च घेतला. "कशाने ओले आहेत?"

"बफरने," मी म्हणालो.

त्यांनी टॉर्च बफरच्या बाटलीवर धरला. अख्खी बाटली हिरवीगार! झाकणावर पाच उघड्या बोटांचे ठसे, आणि माझ्या हातात तर ग्लोव्ह्ज होते. टॉर्च सावकाश वर सरकला. मॅडमची दहाही बोटं हिरवी होती. चष्मा वर सरकवायची त्यांना सवय असल्याने नाकाचा शेंडाही हिरवा होता.

मॅडमनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"बफर कोण बनवतं इथे?" नेत्राताईंनी विचारलं.

"बफर," दिपेश आदराने म्हणाला, "फक्त मॅडम बनवतात."

मॅडमनी घसा साफ केला. "कृणाल, लपवलंस ते वाईटच केलंस. पण उद्या लग्नाला जा. सोमवारी परत करू."

"करा," नेत्राताई हसत म्हणाल्या. "तोवर मी सही करत नाही. आणि मला कुणी पत्रिका देऊ नका."

शनिवारी मी कानपिळी केली. अशी केली, की सर्वेश कळवळला, भटजी मंत्र थांबवून बघायला लागले आणि रुचिका हसता हसता रडली. मला शर्टपीस मिळाला. त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस मुलुंडमध्ये नव्हता.

मॅडमही आल्या होत्या. मी त्यांना जेवायला न्यायला गेलो, तर त्यांनी पर्समधून तो टॉर्च काढला.

"काल घरी जाऊन हात सातदा धुतले," त्या म्हणाल्या आणि आपल्या हातांवर उजेड पाडला. स्वच्छ. "या अख्ख्या हॉलमध्ये कंट्रोल म्हणायला मी एकटी."

तेवढ्यात आई तबक घेऊन आली. "वायच वाका बघया," म्हणाली आणि मॅडमच्या कपाळावर हळदीचं अख्खं बोट ओढून पुढे गेली.

मला हसू आवरेना. "मॅडम, कंट्रोल गेली. आता सोमवारपासून बफर मीच बनवतो. माझे हात तर तुम्हाला माहीतच आहेत."

"दाखव," मॅडम म्हणाल्या.

मी ऐटीत दोन्ही हात पुढे केले. त्यांनी टॉर्च लावला. उजव्या हाताची पाचही नखं हिरवीगार चमकली.

नवरदेवाच्या कानामागची हळद लवकर निघत नाही म्हणतात. आणि मी, खरं सांगायचं तर, जरा जास्तच जोरात पिळला होता.