सगळेच मुख्य

प्रोग्रामर राजीनामा घेऊन केबिनमध्ये आला तेव्हा मालक पाणी पीत होते. कागद बघून त्यांना असा ठसका लागला, की केर काढणाऱ्या मावशींना झाडू टाकून त्यांची पाठ थोपटावी लागली.

ही कंपनी इतर कंपन्यांना माणसांची पारख करून देणारं सॉफ्टवेअर विकायची. कोण कामाचं, कोण नुसती खुर्ची उबवतंय, कुणाला बढती द्यायची, कुणाच्या रजेला कुणाची मंजुरी लागणार, सगळं त्यात. फक्त ते विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं. चाळीस माणसांची सहा झाली होती, दोन वर्षं पगारवाढ नव्हती आणि जागेच्या मालकानं एक तारखेला जागा खाली करा म्हणून चिठ्ठी धाडली होती. माणसं कशी टिकवावीत हे जगाला शिकवणाऱ्या कंपनीत माणूस टिकत नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"अरे, तू गेलास तर उरलं काय?" मालक म्हणाले. "पगार वाढवू कुठून? पण हुद्दा वाढवतो. आजपासून तू मुख्य तंत्र अधिकारी!"

प्रोग्रामरनं विचार केला. घरी आई रोज विचारायची, तुझं पुढे काही होणार आहे की नाही.

"लेखी द्याल?"

"सॉफ्टवेअरमध्येच टाक की!"

राजीनामा खिशात परत गेला. मालकांना वाटलं, एक रुपया खर्च न करता संकट टळलं. पण भिंतींना कान असतात, आणि या ऑफिसात भिंत म्हणजे प्लायवूडची फळी. पाचच मिनिटांत हिशेबाच्या बाई आत आल्या. अकरा वर्षं इथं आहे, एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. झाल्या मुख्य वित्त अधिकारी. मग विक्री बघणारा मेहुणा आला. "दाजी, ताईनं विचारलं तर काय सांगू मी?" तो मुख्य विक्री अधिकारी झाला. फोन घेणारी मुलगी तर दारातूनच म्हणाली, "सर, मी पण!" फुकटचं ते पौष्टिक. ती झाली मुख्य संपर्क अधिकारी.

प्रोग्रामर हुद्दे भरायला बसला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. हाताखाली एकही माणूस नसल्यास 'मुख्य' होता येणार नाही.

"हा नियम कोणत्या शहाण्यानं घातलाय?" मालकांनी विचारलं.

"मीच. पगाराऐवजी पोकळ हुद्दे वाटणाऱ्या कंपन्यांना चाप बसावा म्हणून. तुम्हीच सांगितलं होतं."

मालकांनी विषय बदलला. शेवटी उतरंड लावली. मालकांच्या हाताखाली प्रोग्रामर, त्याच्या हाताखाली हिशेबाच्या बाई, त्यांच्या हाताखाली मेहुणा, त्याच्या हाताखाली फोनवाली आणि फोनवालीच्या हाताखाली मावशी. गणित जमलं.

एवढ्यात मावशी फडकं पिळत पुढे आल्या. "सगळ्यांना मिळालं. मी काय कुणाचं घोडं मारलंय?"

"मावशी, तुम्हाला हुद्दा हवाय?"

"हवा होता पगार. पण तो नाही म्हणता."

आता मावशींच्या हाताखाली कोण द्यायचं? ऑफिसात कुणाच्याच हाताखाली नसलेला एकच माणूस उरला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बरं बाबा, टाका माझं नाव," मालक म्हणाले. "नुसतं नावापुरतंच आहे ना!"

आठवडा मजेत गेला. हुद्द्यांच्या पाट्या रंगल्या, मेहुण्यानं नवीन कार्डं छापून घेतली. आणि सोमवारी दुपारी तीन वाजता बुटांच्या एका मोठ्या कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला. त्यांचे तीन हजार कामगार होते. सॉफ्टवेअर घेते म्हणाल्या, पण दहा टक्के सवलत हवी, आणि पाचच्या आत कोटेशन हवं, कारण पाचला त्या परगावी निघणार होत्या. "आणि तुमच्याच सॉफ्टवेअरमधून पाठवा. कसं चालतं ते बघू दे मला."

ही ऑर्डर मिळाली तर जागाही राहणार होती आणि सहा जणांच्या चुलीही. नाहीतर एक तारखेला टाळं. मालकांनी देवाचं नाव घेऊन सवलतीवर 'मंजूर' दाबलं. पडद्यावर आलं, आपल्या वरिष्ठांची मंजुरी आवश्यक.

मावशींच्या पदरातला मोबाइल टिंग करून वाजला. त्यांनी ओल्या बोटानं 'मंजूर' दाबलं. ते गेलं फोनवालीकडे. ती म्हणाली, "कारण जोडा. कारणाशिवाय मी सही करत नाही." मालकांनी कारण जोडलं. मेहुण्यानं दाबलं. हिशेबाच्या बाईंनी चष्मा पुसला. "दहा कशाला? सातावर ऐकतील." त्यांच्या विनवण्या करण्यात पंधरा मिनिटं गेली. मग प्रोग्रामर, आणि प्रोग्रामरकडून ते परत मालकांकडे.

"माझं झालंय की एकदा!" मालक ओरडले.

"ते खालचा म्हणून झालं, सर. आता वरचा म्हणून करा."

त्यांनी दाबलं. आपल्या वरिष्ठांची मंजुरी आवश्यक. मावशींचा मोबाइल टिंग.

तेव्हा कुठे प्रोग्रामरच्या डोक्यात प्रकाश पडला. "सर, याला शेवटच नाही. घाण्याच्या बैलासारखं फिरत राहणार हे."

"मग तोड ना कुठंतरी!"

"तोडतो. पण हुद्द्यातला बदल दुसऱ्या दिवसापासून लागू होतो."

"हा नियम कुणी...?"

"तुम्हीच."

साडेचार वाजले. मालकांना घाम फुटला. "मी राजीनामा देतो! मी नसलो की साखळी तुटेल." त्यांनी खरंच राजीनामा भरला. तो मावशींकडे गेला.

"नामंजूर," मावशी म्हणाल्या. "आमचे पगार कोण देणार?"

तिसरी फेरी झाली, चौथी सुरू झाली. पाचला दहा मिनिटं कमी होती. मावशी लादी पुसत होत्या आणि मोबाइल पुन्हा वाजला.

"काय मेली कटकट आहे! अरे, याला नाही म्हटलं तर पुढे कुणाकडे जातं?"

"कुणाकडे नाही," प्रोग्रामर म्हणाला. "हो म्हणायला सगळे लागतात. नाही म्हणायला एकच माणूस पुरतो."

"मावशी, नको!" मालक ओल्या लादीवरून धावले, घसरले आणि थेट मावशींच्या पायाशी जाऊन बसले. तोवर बोट पडलं होतं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. सवलत मुख्य स्वच्छता अधिकारी यांनी नाकारली. पूर्ण किमतीचं कोटेशन ग्राहकाला पाठवलं आहे.

हिशेबाच्या बाईंनी ड्रॉवरमधला स्वतःचा डबा आणि छत्री पिशवीत भरायला घेतली. मालक लादीवरच बसून राहिले. रडू येत होतं त्यांना, पण मेहुण्यासमोर कसं रडणार?

पाचला दोन मिनिटं असताना फोन आला. मालकीणबाई.

"सवलत नाकारली म्हणे. कुणी?"

"आमच्या... मुख्य स्वच्छता अधिकाऱ्यांनी."

"आणि तुम्ही मालक असून तुमचं काही चाललं नाही?"

"नाही हो," मालक कळवळून म्हणाले. "इथं माझं काहीच चालत नाही!"

"छान! आमचा जावई मागेल त्याला सवलत वाटत सुटलाय. कारखाना बुडवेल एक दिवस. त्याला असाच चाप लावता येईल?"

मालकांनी मावशींकडे पाहिलं. "येईल की! अगदी असाच."

"मग घेतलं. पूर्ण किमतीत."

ऑफिसात एकच जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी प्रोग्रामरनं साखळी तोडायला घेतली. कुठं तोडायची यावर फार चर्चा झाली नाही. मावशींच्या वर कुणी नको, असं पाचांचं मत पडलं. मालकांचं मत मोजलं नाही.

पैसे आले. थकलेलं भाडं गेलं, पाच जणांना पगारवाढ मिळाली. मग मालकांनी हळूच स्वतःचाही अर्ज भरला आणि मावशींच्या समोरच्या स्टुलावर जाऊन बसले.

मावशींनी चष्मा लावून अर्ज वाचला. "वर्षभरात चहाचा कप कधी उचलून ठेवलात?"

"नाही, पण..."

"ओल्या लादीवरून पळू नये, हे माहीत होतं?"

"मावशी, दोन वर्षं मीही तेवढाच पगार घेतोय हो!"

"कळतंय मला, साहेब." मावशींचा जीव खरंच कळवळला. "पण सगळ्यांचं वाढवल्यावर उरलं काय? पगार वाढवू कुठून? हुद्दा वाढवते. आजपासून तुम्ही महामुख्य!"

मालकांनी विचार केला. घरी बायको रोज विचारायची.

"लेखी द्याल?"

"सॉफ्टवेअरमध्येच टाकते की," मावशी म्हणाल्या आणि टेबलावरचा रिकामा कप त्यांच्या हातात दिला.