डबल बेलवाल्या विमलबाई

आमच्या वस्तीतली झाडून सगळी पोरं विहाराच्या फरशीवर एकदा तरी बुडालेली आहेत. बुडवणाऱ्या एकच, विमलबाई खोब्रागडे. विहारात दर रविवारी त्या मुलांचा वर्ग घेतात. वर्षातून एकदा या वर्गाची सहल तलावावर जाते आणि तिथे मुलं स्वतः नाव वल्हवतात. त्याच्या महिनाभर आधीपासून विमलबाई फरशीवर खडूने नावा काढतात, एकेकीत चार पोरं बसवतात आणि वल्ह्यांऐवजी त्यांच्या हातात झाडू देतात. जो मध्येच उभा राहिला तो बुडाला. शेजारच्या नावेला ढकलायला वाकला, तोही बुडाला. बुडालेल्यांनी भिंतीशी जाऊन गप्प बसायचं. आमची आर्या पहिल्यांदा वर्गातून आली आणि आनंदाने म्हणाली, "आजी, मी आज दोनदा बुडाली!" माझ्या आईच्या हातातलं ताट खाली पडलं.

विमलबाईंनी उभी हयात उमरेडच्या एसटीत कंडक्टर म्हणून काढली. नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, त्यांचा आवाज काही झाला नाही. काठावरून त्या "डबल बेल!" असं ओरडल्याशिवाय एकही नाव हलत नाही, आणि नुसतं "बेल!" म्हटलं की सगळी वल्ही वर. गंमत अशी की याच बाई एकेकाळी दारात लोंबकळणाऱ्यांनाही "सरका पुढं, भल्ली जागा खाली पडली आहे" म्हणत आत कोंबायच्या. आता चौघांच्या नावेत पाचवं चिमुरडं बसलेलं त्यांना चालत नाही. मी एकदा यावरून चिडवलं, तर अंगावरच आल्या.

"गाडी बंद पडली तं उतरून धक्का मारता येते. पाण्यात उतरून मारून दाखव मले!"

जाकीट तपासायची त्यांची रीत ठरलेली आहे. पोराच्या जाकिटाचे दोन्ही खांदे धरायचे आणि पोर वर उचलायचं. "कानापर्यंत सरकलं तं ते जाकेट नोहे, झबलं आहे!" एकदा सोबत आलेल्या एका आडदांड बापालाही त्यांनी असंच उचलून पाहिलं. बाप जागचा हलला नाही, पण जाकिटाचं बक्कल तुटलं. तो ओरडणार, तेवढ्यात बाईच ओरडल्या, "पाह्यलं? एवढ्यातच तुटते, अन् हे घालून तुम्ही पाण्यात जाऊन राहिले होते!"

बाईंना रागवायला कारण लागत नाही, असं लोक म्हणतात. साफ खोटं. कारणं त्यांच्यापुढे रांग लावून उभी असतात. "काही होत नाही" हे शब्द तर त्यांच्यासमोर कुणी उच्चारूच नयेत. "काही होत नाही काहून म्हणता? होते तवा म्हणून पाहा ना!"

यंदाच्या सहलीला आमच्या भागातल्या एका भावी नगरसेवकांनी बस दिली आणि मुलांना टी-शर्टही वाटले. टी-शर्टच्या छातीवर त्यांचा स्वतःचा हसरा चेहरा. तलावावर पोहोचल्यावर मुलांनी जाकिटं चढवली आणि तो चेहरा गडप झाला. थोड्या वेळाने साहेब फोटोग्राफर घेऊन आले. बघतात तर काय, काठावर नुसती केशरी जाकिटं!

"मॅडम, पाच मिनिटं जाकिटं काढा," ते म्हणाले. "सगळ्यांना एकाच नावेत बसवा. काठालाच तर आहे नाव, काही होत नाही."

"पोट्टे जाकेट काढत नसतात," बाई म्हणाल्या.

"अहो, पण माझा चेहरा दिसत नाही!"

"तुमचा चेहरा बुडला तं चालते. पोट्टं बुडलेलं चालत नाही."

फोटोग्राफरला हसू आवरलं नाही आणि तिथेच सगळं बिघडलं. साहेबांचा चेहरा असा झाला की टी-शर्टावरचा ओळखू येईना. पण माझं डोकं फिरलं ते त्यांच्यामुळे नाही. जे आईबाप पोरांना घरी गॅलरीत वाकू देत नाहीत, तेच पुढे होऊन आपल्या हातांनी पटापट बक्कलं सोडायला लागले! का, तर फोटो चांगला यावा. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विमलबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या, नावांचे दोर मुठीत धरले आणि ओरडल्या, "बेल!" एकही नाव सुटली नाही. पोरं रडली, बस दुपारीच परत फिरली, आणि वाटभर शिव्या खाल्ल्या त्या विमलबाईंनी.

पुढे साहेबांचा निरोप आला. बाईंनी चारचौघांत माफी मागावी, नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा. विहाराच्या कमिटीने मान डोलावली आणि बैठक बोलावली. सगळी वस्ती भांडण बघायला जमली. मीही बाह्या सरसावूनच गेलो होतो.

विमलबाई पांढरं लुगडं नेसून आल्या. मूर्तीसमोर वाकल्या, सगळ्यांना जयभीम केला आणि साहेबांपुढे हात जोडले. "माह्यं चुकलं भाऊ. तोंड खराब आहे माह्यं. माफ करा."

साहेबांनी मोठ्या मनाने मान हलवली. "चला, मिटलं," अध्यक्ष म्हणाले.

"मिटलं नाही," बाई म्हणाल्या. "वर्ग तुमाले ज्याले द्यायचा त्याले द्या. फक्त नावेच्या दिवशी मले काठावर उभी राहू द्या. मी बोलणार नाही. सुजितले डाव्या कानानं ऐकू येत नाही, त्याले उजवीकडून आवाज द्या लागते. आर्या भेली का जाकेटचा पट्टा चावते, तिले रागवू नका. मंधातच आलेल्या माणसाले हे कसं माहीत राहणार हो?"

"बाई, या वयात कशाला ही दगदग?" कुणीतरी म्हणालं. "घरी आराम करा."

"घरी कोण आहे बाप्पा?" त्या म्हणाल्या. "गाडीवर होती तवा दिवसभर लोक बाई, बाई करत. रिटायर झाली अन् हप्ता हप्ता कोणी हाक मारत नाही. रविवारी हे पोट्टे तेवढे मारतात."

माझा राग अनावर झाला. मी ताडकन उठून म्हणालो, "वर्ग बाईंकडून काढला, तर माझी पोरगी उद्यापासून येणार नाही!"

विमलबाई गर्रकन माझ्याकडे वळल्या. "तुह्या रागापायी पोट्टीचा रविवार काहून खराब करतं गा?" त्या कडाडल्या. "तिनं काय केलं? ती येईन! मी असो का नसो, ती येईन!"

आणि उमरेडच्या भरगच्च गाडीत कधी न फाटलेला तो आवाज शेवटच्या शब्दाला फाटला.