सांबरवीराचा न वाचलेला पहिला अंक

एका जंगलात, जिथे सूर्य वेळेवर उगवत असे आणि सभा मात्र उशिरा सुरू होत, दोन साळिंदर भाऊ राहत होते. थोरल्याचे नाव नरहरपंत, धाकट्याचे वामनराव. दोघांची बिळे एकाच मोहाच्या झाडाखाली होती. एकाचे तोंड पूर्वेला, दुसऱ्याचे पश्चिमेला. दोघे एकमेकांशी बोलत नसत.

का बोलत नसत, ते बाळांनो, मी आधीच सांगून टाकते. मोठ्या माणसांच्या भांडणाचे कारण नेहमी आधी विचारून घ्यावे. पुष्कळदा ते फार लहान असते. हे तर बत्तीस पानांचे होते.

त्या जंगलात कावळ्यांचा छापखाना होता. तेथून दर बाजाराच्या दिवशी चित्रकथेचे एक पुस्तक निघे. वडीलधारी मंडळी त्याला चित्रकथा म्हणत, तरुण मंडळी कॉमिक म्हणत, आणि दोघेही ते एकमेकांपासून लपवून वाचत. त्यांत 'सांबरवीर' सर्वांचा लाडका. हा गळ्याला तांबडे उपरणे बांधून दुष्ट मगरींचा समाचार घेई. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो दरीवरून उडी घेताना दाखवला होता. पलीकडे पोचतो की नाही, हे आतली पाने उलटल्यावाचून कळण्याची सोय नव्हती.

या अंकासाठी दोघा भावांनी मिळून जांभळे साठवली. मिळून रांगेत उभे राहिले. मिळून घरी आले. आणि आधी कोणी वाचायचे यावरून भांडले. थोरला म्हणाला, मी मोठा. धाकटा म्हणाला, जांभळे मी वेचली. दोघांचे काटे फुलले. साळिंदराच्या घरात काटे फुलले की पांघरुणांची चाळण होते. म्हणून आईने पुस्तक काढून घेतले आणि मोहाच्या ढोलीत ठेवले.

"तुमचे एकमत झाले की सांगा," ती म्हणाली. "मग काढून देईन."

बिचारी वाट पाहून गेली. एकमत काही झाले नाही.

दुसऱ्या कोणाचा अंक मागून वाचता आला असता. पण तसे करणे म्हणजे हार मानणे, असे दोघांचे मत होते. तेवढ्यापुरते त्यांचे एकमत होते. दुसरा चोरून वाचील, म्हणून दोघे रोज संध्याकाळी झाडाखाली येऊन बसत. पाठीला पाठ करून, ढोलीकडे तिरपे पाहत. अशी संध्याकाळ कोणाची कधी चुकली नाही.

नरहरपंतांना आता पुस्तकाची फारशी ओढ उरली नव्हती. त्यांना एकच गोष्ट हवी होती. वामनने एकदा, फक्त एकदा, 'दादा, तू आधी वाच' असे म्हणावे. तो तसे म्हणाला की आपण काय करायचे, हेही त्यांनी ठरवून ठेवले होते. ते हसणार होते, 'वेड्या, तूच वाच आधी' असे म्हणणार होते आणि पुस्तक वामनच्या हातात देणार होते. हा प्रसंग त्यांनी मनात इतका घोळवला होता की त्यात खाकरायचे कोठे, हेसुद्धा पक्के झाले होते.

आता त्याच जंगलात भालेराव नावाचे एक अस्वल होते. कड्यावरची सगळी मधाची पोळी त्याच्या मालकीची. ज्याच्यापाशी मध नसतो त्याला मध हवा असतो. ज्याच्यापाशी तो फार होतो, त्याला बालपण परत हवे असते. भालेरावांनी जुन्या चित्रकथा जमवायला सुरुवात केली आणि ज्याने त्याने आपापली बिळे उकरली.

भाव ठरवायला त्यांनी धनेशशास्त्री नेमले. शास्त्रीबुवांची चोच मोठी, त्यामुळे त्यांचे म्हणणेही मोठे वाटे. प्रत्येक अंकाला ते दहापैकी गुण देत. खरे म्हणजे देत नसत, कापत. कोपरा मुडपलेला असेल तर अर्धा गुण गेला. जांभळाचा डाग असेल तर दोन गेले. मागच्या पानावरचे कोडे सोडवले असेल तर तीन, आणि बरोबर सोडवले असेल तर चार. विनोदाच्या पानापाशी पुस्तकाची पाठ सैल झाली असेल, तर कोणीतरी तेथे हसले होते हे उघड होई, आणि मग शास्त्रीबुवा मान हलवून पुस्तक परत करीत.

जे अंक टिकत, त्यांवर पारदर्शक राळ ओतून त्यांची वडी करीत. वडीवर गुणांचा आकडा घालीत. मग ते पुस्तक उघडण्याची भीती कायमची मिटे.

गोदूताई सशिणीने आपला अंक नेला, तेव्हा शास्त्रीबुवांनी तो चोचीत धरण्याचेही नाकारले. तिची सगळी पोरे त्याच अंकावर अक्षरे शिकली होती. मगरीला मिशा काढलेल्या होत्या. सांबरवीराचा एक पाय कोणीतरी खाल्ला होता. शास्त्रीबुवांनी तिला शून्य गुण दिले आणि चुलीचा मार्ग सुचवला. ती पुस्तक घेऊन घरी गेली. पोरांनी ते हिसकावून घेतले व पुन्हा पहिल्यापासून वाचले. अशा घरांतून संग्रह होत नाहीत.

मग एके दिवशी शास्त्रीबुवांच्या कानी मोहाच्या ढोलीची गोष्ट गेली. ते आले. नरहरपंत व वामनराव नेहमीप्रमाणे पाठीला पाठ करून बसले होते. शास्त्रीबुवांनी ढोलीत डोके घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाही. काढले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. उपरण्याचा तांबडा रंग कालच छापल्यासारखा होता, पाठ ताठ होती, कोडे कोरे होते. कापायला काही सापडत नसल्यामुळे ते अस्वस्थ झाले होते.

"पंत, हा अंक दहाचा आहे," ते म्हणाले. "पण माझा विश्वास बसत नाही. ज्या घरात दोन पोरे होती, त्या घरात पुस्तक न वाचलेले राहील कसे?"

नरहरपंतांनी भांडणाची हकिकत सांगितली. ती ऐकून शास्त्रीबुवांना फार समाधान वाटले. घराला कुलूप असते, कुलपाला किल्ली असते, आणि किल्ली कोणाकडेतरी असते. पण एका भावावर दुसऱ्या भावाचा पहारा असला की त्यातून वारासुद्धा आत जात नाही. असा पुरावा त्यांना आजवर कोणी दिला नव्हता.

"वाद अजून चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मध्ये कधी खंड? सणासुदीला, आजारपणात?"

नरहरपंत घुटमळले. एकदा वामनला ताप भरला होता. तेव्हा त्यांनी त्याच्या बिळाच्या तोंडाशी एक कंद ठेवला होता आणि मागे न पाहता ते परतले होते. ते त्यांनी खरे सांगून टाकले. बोललो मात्र नाही, हेही सांगितले.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून विचार केला. मग अंकाला दहा गुण कायम ठेवून त्यांनी भांडणाचा पाव गुण कापला. भांडणालाही गुण असतात, हे नरहरपंतांना त्या दिवशी प्रथम कळले.

भालेरावांनी जो भाव सांगितला, तो ऐकून माकडे फांद्यांवरून खाली उतरून बसली. निम्मा कडा नरहरपंतांना, निम्मा वामनरावांना. अट एकच होती. अंक न वाचलेला आहे याचा आधार म्हणजे भांडण. भाऊ एक झाले, तर त्यांनी एकत्र बसून पुस्तक वाचले नसेलच, असे कोण सांगणार? म्हणून समेट झाल्यास व्यवहार मोडला. आणि व्यवहारानंतर कधी समेट झाला, तर सगळी पोळी परत.

दोघांची संमती हवी होती आणि दोघे बोलत नव्हते. तेव्हा शास्त्रीबुवा बुंध्याला वळसा घालून पलीकडे गेले व वामनरावांचा होकार घेऊन आले. नरहरपंतांनी विचारले, की तो आणखी काही म्हणाला का. शास्त्रीबुवा म्हणाले, नाही. आणि त्याबद्दल त्यांनी पंतांचे अभिनंदन केले.

राळ ओतण्याच्या दिवशी सगळे जंगल मोहाखाली जमले. चुलीवर राळ उकळत होती. भालेराव पंजे धुऊन आले होते. दोघा भावांना समोरासमोर पण तोंडे फिरवून उभे केले होते, म्हणजे लोकांना खात्री पटावी. शास्त्रीबुवांनी अंक पिसांवर तोलून ढोलीतून बाहेर आणला.

तो दोघांच्या मधून जाऊ लागला, तेव्हा वामनरावांनी तोंड वळवले. इतक्या वर्षांत त्यांनी तो इतक्या जवळून पाहिला नव्हता. दरीवर तरंगणारा सांबरवीर तसाच होता. खालच्या कोपऱ्यात आईच्या बोटांची ओल लागून किंचित फुगवटा आला होता. शास्त्रीबुवांना तो दिसला नव्हता, आणि तुम्हीही त्यांना सांगू नका. राळ एकदा ओतली की तो कोणालाच उघडता येणार नव्हता.

"दादा," वामनराव म्हणाले, "तू आधी वाच."

माकडांनी दातांतल्या शेंगा तशाच धरल्या. भालेरावांच्या चेहऱ्यावर, पोळे निसटून दरीत पडावे, तसा भाव आला. शास्त्रीबुवा चोच खाली करून घाईघाईने कुजबुजले, "पंत, ऐकू आले नाही असे करा."

पण नरहरपंतांना ऐकू आले होते. त्यांच्या पाठीवरचा एकेक काटा हळूहळू निजला. अर्धा कडा त्यांच्या मनात आला आणि तसाच निघून गेला. बाळांनो, इतके मोठे मन त्या जंगलात त्यापूर्वी कोणी दाखवले नव्हते. पुढचे ऐकताना ही गोष्ट विसरू नका. ते हसले. ठरलेल्या जागी खाकरले.

"वेड्या," ते म्हणाले, "तूच वाच आधी."

आता वामन हात पुढे करणार होता. नरहरपंतांच्या मनात तरी तो नेहमी करीत असे.

"नाही दादा. मी म्हटले ना, तू आधी."

"अरे, मी मोठा आहे. मोठ्याने धाकट्याला द्यावे."

"तेव्हा मोठा होतास म्हणून तुला आधी हवे होते. आता मोठा आहेस म्हणून नंतर हवे. म्हणजे दोन्ही वेळा मोठेपण तुझेच."

"मी प्रेमाने देतो आहे, वाम्या. मुकाट्याने घे."

"दिले मी आधी. माझे दिलेले तू घे."

"तुला घेणे माहीत आहे कोठे? तापात कंद आणून ठेवला, त्याचे नाव तरी काढलेस?"

"तो कडू होता," वामनराव म्हणाले.

मग काटे फुलले. पहिल्या रांगेतले प्रेक्षक मागे सरले, दुसऱ्या रांगेतल्यांना मागे सरायला जागा मिळाली नाही. शास्त्रीबुवांनी प्रसंगावधान राखून अंक उंच धरला, दोन ढांगांत चूल गाठली आणि राळ ओतली. ती थंड होईपर्यंत भाऊ कोणी जास्त मनाने दिले यावर भांडत होते. थंड झाल्यावर दोघे आपापल्या बिळात गेले. शास्त्रीबुवांनी कापलेला पाव गुण परत दिला. कंदाचासुद्धा निकाल लागला होता, तेव्हा आता काही शंका उरली नव्हती.

भालेरावांनी वडी गुहेत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली, कारण उजेडाने रंग उतरतो. ठरल्याप्रमाणे दोघांना मध पोचला. तो इतका होता की एकट्याने संपणे शक्य नव्हते. नरहरपंतांनी दोनदा कोणालातरी हाक मारण्यासाठी तोंड उघडले आणि अट आठवून मिटले. मग मधाला मुंग्या लागल्या.

ढोलीत राखण्यासारखे काही उरले नव्हते. त्यामुळे संध्याकाळी झाडाखाली बसायला आता कोणी जात नाही.

जंगलाने मात्र या प्रसंगापासून पुष्कळ बोध घेतला. शहाण्या आया दोन पोरांत एकच पुस्तक आणू लागल्या. पुस्तक मध्ये ठेवून त्या निमूटपणे बाहेर जात आणि दाराशी कान लावून उभ्या राहत. आतून ओरडा ऐकू आला की त्यांचा जीव भांड्यात पडे. कोणाकडे किती वर्षांचा अबोला आहे, हे सोयरीक जुळवताना विचारले जाऊ लागले. शास्त्रीबुवांनी भांडण कसे जपावे यावर व्याख्याने दिली. त्यांना नरहरपंत अध्यक्ष म्हणून लाभले. त्याच व्याख्यानाला दुसऱ्या दिवशी वामनराव लाभले.

गोदूताईची सगळ्यांना कीव येई. एवढी पोरे, पण घरात वादाचा मागमूस नाही. रात्र पडण्यापूर्वी सगळी एकाच अंकावर ओणवी होत. एक वाचे, दुसरे पान उलटवी, तिसरे मगरीचा आवाज काढी. शेजारणींनी तिला पुष्कळ समजावले की पोरांच्या पुढल्या आयुष्याचा विचार कर. ती हो म्हणे आणि दिव्यात तेल घालायला आत जाई.

तात्पर्य: मुलांमध्ये समजूतदारपणाची लक्षणे दिसू लागताच ती वेळीच खुडावी. समजूतदार मुलांच्या घरात पुस्तके वाचली जातात, आणि विकण्याजोगे काहीच शिल्लक राहत नाही.