दहा नंबरचा पाना

माझ्या पुतणीच्या लग्नात सार्जंट तात्यांनी चालू पंगत थांबवली होती. मठ्ठा वाढताना ओगराळं दिसेना, एवढंच निमित्त. तात्या ताटावरून उठून गरजले, "सापडंपर्यंत कुणी घास उचलायचा नाय!" आणि कुणी उचलला नाही. ओगराळं मठ्ठ्याच्या पातेल्यातच बुडालेलं निघालं. नवऱ्याकडच्या पाहुण्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "आमच्या नारायणगावचेच. विमान दुरुस्त करतात." त्यावर पाहुण्यांनी माझ्याकडेही जरा काळजीनंच पाहिलं.

पण ते खरं होतं. तात्यांची सगळी नोकरी एअरफोर्सच्या वर्कशॉपात गेली. नव्वदचं दशक संपता संपता ते निवृत्त होऊन गावी आले आणि भंगारात निघालेलं दोन सीटचं विमान घेऊन आले. पंख सोडवून ट्रकवर लादलेलं. वाटेत आळेफाट्याच्या नाक्यावर, गॅरेजांच्या रांगेत, ट्रक चहाला थांबला तर ही गर्दी! एकानं विचारलं, "पावणं, द्राक्षावर फवारायला का?"

"पोरांना शिकवायला," तात्या म्हणाले.

टोमॅटोचे क्रेट ठेवायच्या शेडमध्ये दर शनिवारी दुपारी शाळा भरू लागली. आठवी-नववीची बारा पोरं-पोरी. शिकवणारे आम्ही सगळे बिनपगारी: आळेफाट्याचा एक वेल्डर, पंखांचं कापड शिवायला जुन्नरचे शिंपी युसूफचाचा, आणि रंगकामाला मी, चित्रकलेचा मास्तर. मला पंख्याचं बटणही नीट दुरुस्त करता येत नाही. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे जपून काम कराल."

नट अर्धा पीळ जरी ढिला निघाला, तरी तात्या सगळं उघडायला लावत. वर ठरलेलं वाक्य, "वर ढगात आळेफाटा नाय, राव! तिथं कुठलं गॅरेज गाठशीला?" विमान उडणार नव्हतंच. इंजिन चालू झालं की ते पुण्याच्या एका कॉलेजात शिकवण्यासाठी जायचं होतं. पण तात्यांपुढे हे बोलायची सोय नव्हती.

एकदा पंखाचं कापड ताठ करायचा लेप वेळेवर आला नाही. पोरांनी डोकं लढवलं आणि चिंचोक्याची खळ शिजवून पंखाला फासली. कापड झकास ताणलं. पंख उन्हात वाळत ठेवला, तर शेजारच्या शेळ्यांनी तो कापडासकट चाखला. आता आभाळ फाटणार, असं आम्हाला वाटलं. तात्या पोट धरून हसले आणि मग म्हणाले, "चाचा, पुन्हा शिवा."

हत्यारांच्या बाबतीत मात्र हसणं नव्हतं. भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती मीच रंगवलेली. काम संपलं की मोजणी. एक आकृती रिकामी दिसली तरी कुणी घरी जायचं नाही. आणि दर शनिवारी नेमका दहा नंबरचा पाना गायब व्हायचा. पोरं तासभर क्रेट उपसायची, तात्या खुर्चीवरून एअरफोर्सच्या गोष्टी सांगायचे. शेवटी पाना आधी पाहिलेल्याच एखाद्या क्रेटमागे सापडायचा.

तिसऱ्या वर्षी इंजिन धडधडलं. युसूफचाचा तर रडलेच. सोमवारी विमान न्यायला ट्रक येणार होता, म्हणजे शाळेचा हा शेवटचा शनिवार. त्या शनिवारी मोजणी झाली आणि दहा नंबर नाही. तात्या काहीतरी उचलायला वाकले, तेव्हा त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात मला पान्याचं टोक दिसलं.

मी सुनीताला बाजूला घेतलं. पोरांत तीच सगळ्यात हुशार. "अगं, पाना..."

"तात्यांच्या बंडीत हाय. ठावं हाय सर. पयल्या वर्षापास्नं."

"मग शोधता कशाला?"

"काकी गेल्या, मुलगा तिकडं परदेशात. घरी जाऊन कुणाशी बोलत्याल?"

मी तीन वर्षं त्या माणसाला फक्त विक्षिप्त समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

सुनीता क्रेटमागून बाहेर आली. "तात्या, आज काय घावत न्हाई. पुढच्या शनवारी येऊन शोधू का?"

तात्यांनी फळीकडे वळून रिकाम्या आकृतीवरची धूळ बोटानं पुसली.

"या," ते म्हणाले. "हत्यार हरवलेलं चालत नाय."

आणि त्या दिवशी पहिल्यांदाच, एक आकृती रिकामी असताना, त्यांनी आम्हाला घरी सोडलं.