शे, नही, माहीत नही

आमच्या शेजारच्या नानांकडे पाहुण्याला चहाच्या आधी सुई मिळायची. उंबऱ्यात पाय ठेवला की हुकूम सुटायचा, “बोट दे!” कापसाचा बोळा, टोचणी, काचपट्टीवर थेंबभर रक्त, आणि मग, “बस, आते चहा टाकस.” त्यांच्या एका मेव्हण्यानं तर धरणगावची वाटच सोडली.

नाना हिवताप खात्यात रक्त तपासायचे. मायक्रोस्कोपला डोळा लावण्यात जन्म गेला, पण रजिस्टरात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कधी लिहिलं नाही. जंतू दिसला की अहिराणीतलं ‘शे’, म्हणजे आहे; न दिसला की ‘नही’. साहेबांनी मेमो दिला. नानांनी मेमोच्या पोचपावतीवरही ‘शे’ लिहून सही ठोकली! पुढं म्हणे साहेबच जळगावच्या बैठकीत बोलून गेले, “यंदा शे कमी आहेत.”

दुसरी खोड जीवघेणी. कुणी ‘कुठला तरी’ म्हणायचा अवकाश, नाना त्याला धरायचे. “येईन कुठल्या तरी गाडीनं.” “कुठल्या तरी म्हंजे कोन्त्या?” गाडीचं नाव सांगेपर्यंत सुटका नाही.

मी एम.बी.बी.एस. झाले तेव्हाची, नव्वदीतली गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याला पुढच्या शिक्षणाच्या जागा वाटणार होत्या. नाव पुकारलं की तिथल्या तिथं शाखा सांगायची; एकदा सांगितली की संपलं. मला संशोधन करायचं होतं, म्हणून माझ्या मनात मायक्रोबायॉलॉजी. वडिलांच्या, म्हणजे भाऊंच्या मनात मेडिसिन आणि बाजारपेठेत दवाखाना. नुसतं मनात नाही हो, पेंटरकडून पाटीसुद्धा रंगवून आणलेली!

“जंतूंची डॉक्टर? मग पेशंट कोण, जंतू?” भाऊ कडाडले. आईनं पदर डोळ्यांना लावला. मीही तोंडाला येईल ते बोलले आणि तरातरा नानांकडे गेले. हा काचवाला माणूस तरी माझ्या बाजूनं बोलेल!

कसलं काय. नाना म्हणाले, “दवाखाना टाक, माय. लोक नाव काढतीन. काच वाचणाऱ्याचं नाव कोणी घेत नही.”

“तुम्हीसुद्धा?” माझं डोकंच फिरलं. “ठीक आहे. उद्या जाते आणि घेते कुठली तरी शाखा!”

“कुठली तरी म्हंजे कोन्ती?”

सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं. उठून त्यांनी फडताळातली लाकडी पेटी काढली. आत खाचाखाचांत काचपट्ट्या, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी: ‘माहीत नही’.

“ताप व्हता, पण हिवतापाचा जंतू नही,” नाना म्हणाले. “रजिस्टरात दोनच रकाने. मंग ह्या कोठे लिखू?”

पहिल्या खाचेतली काच त्यांनी उचलली. तिच्या चिठ्ठीवर एक शब्द जास्त होता. ‘अक्का’. अक्का म्हणजे त्यांची बायको. मी पाळण्यात होते तेव्हाच त्या गेल्या.

“तिसऱ्या दिवशी गयी. हाई काच मी सात डाव वाची. नही ते नहीच. मोठ्या डॉक्टरले विचारं, तर म्हणे कुठला तरी ताप.” नानांनी काच उजेडाला धरली. “कुठला तरी म्हंजे कोन्ता, माय?”

त्यांनी ती काच रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली.

सकाळी धुळ्यात माझं नाव पुकारलं. मागं भाऊ उभे. “मेडिसिनची जागा आहे अजून,” कारकून म्हणाला.

“मायक्रोबायॉलॉजी.”

“नक्की?”

“नक्की.”

भाऊ कितीतरी महिने माझ्याशी बोलले नाहीत. पाटीवर आईनं दोन उन्हाळे पापड वाळवले.

अक्कांची काच आज माझ्या प्रयोगशाळेत आहे. तिच्यावरच्या रक्ताला दिलेला रंग उडालाय, तिच्यातून आता काही कळायचं नाही. मला ते ठाऊक आहे, आणि नानांना नसेल असं कसं म्हणू? तरी गावी गेले की मी आपणहून बोट पुढं करते, आणि टोचता टोचता नाना खालमानेनं त्या काचेचं विचारतात, “शे का नही?”

“माहीत नही, नाना.”

“मंग वाच अजून.”